अजिंक्यांतला अजिंक्य कोण?

अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने जॉन वुडन या शिक्षकाच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद दहादा मिळवले. साहजिकच शौकिनांत वाद पडतो, की यांतला थोर संघ कोणता?

१९६४ च्या पाच गड्यांत साडेसहा फूट उंचीचाही कुणी नव्हता. पण समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्या मैदानात कोंडून हॅझर्ड, गुडरिच या मंडळींनी तीसच्या तीस सामने मारले. पुढे सात फुटांवर उंचीचा ल्यू अल्सिंडर आला. हाच नंतरचा करीम अब्दुल-जब्बार. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात मज्जाव होता, म्हणून १९६५ च्या नोव्हेंबरात त्या नवख्यांची गाठ मुख्य संघाशीच घातली. दोन वर्षांचे विजेते ७५–६० असे हरले! झाले, वाद मिटला म्हणावे, तर १९६४ च्या पाचांपैकी एकही तोवर संघात उरला नव्हता.

१९६७ साली अल्सिंडरच्या संघानेही तीसपैकी तीस जिंकले. लगेच चेंडू वरून कडीत ठोसण्यावर बंदी आली, ती १९७६ पर्यंत. या बंदीत कृष्णवर्णीय अल्सिंडरला भेदभावाचा वास आला, आणि तो उगाच नव्हे.

१९७२ व ७३ चे वॉल्टनचे संघ अपराजित खरे. पण माझे मत विचाराल तर १९६८. ह्यूस्टनकडून ७१–६९ अशी हार खाल्ली. मग त्याच ह्यूस्टनला उपांत्य सामन्यात १०१–६९ असे लोळवले, आणि तेही बंदी पाळून.