इंडी गेम्स कुठे सापडतात आणि ते बनवणारी माणसं कशी शोधायची?

स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त नवीन गेम्स आले. म्हणजे दिवसाला साधारण पन्नास. यातले पुष्कळसे गेम्स एकट्या माणसाने किंवा दोन-चार जणांच्या टीमने बनवलेले असतात, आणि कित्येकांना दहा रिव्ह्यूसुद्धा मिळत नाहीत. होमपेजवर आपल्याला मात्र तीच ती नावं दिसत राहतात. मी पोटापाण्यासाठी बॅकएंडचा कोड लिहितो, गेम्स बनवत नाही. पण नवीन गेम्स उकरून काढायचे आणि ते कोणी, कसे बनवले हे वाचत बसायचं, हा माझा जुना नाद आहे. त्यातून जे कळलं ते इथे एकत्र देतोय.

इंडी म्हणजे नक्की काय?

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीच्या पैशांवर आणि हुकुमावर न बनलेला गेम. याची काटेकोर व्याख्या नाही, आणि पिक्सेलवाले ग्राफिक्स म्हणजे इंडी असंही नाही. 'स्टारड्यू व्हॅली' हे ठळक उदाहरण. एरिक बॅरोन या एकाच माणसाने साडेचार वर्षं खपून कोड, चित्रं, संगीत, गोष्ट सगळं स्वतः केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम बाहेर काढला. 'बलात्रो' हा २०२४ चा पत्त्यांचा गेम 'लोकलथंक' या टोपणनावाने काम करणाऱ्या एकट्या डेव्हलपरचा. तो लुआ भाषेत लिहिलेला आहे. त्याला पब्लिशर होता, तरी सगळे त्याला इंडीच म्हणतात. गेम कसा असावा हे बनवणाऱ्याने ठरवलं का, एवढंच मी बघतो.

चांगला गेम दिसत का नाही?

आधी स्टीमवर 'ग्रीनलाइट' नावाची मतदानाची पद्धत होती. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि 'स्टीम डायरेक्ट' आलं. आता प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरले आणि कागदपत्रं दिली की कोणीही गेम विकू शकतो. गेमची कमाई १००० डॉलरपर्यंत गेली की ते पैसे परतही मिळतात. दार उघडलं हे चांगलंच झालं, पण आत आता यात्रेसारखी गर्दी आहे.

स्टीममध्ये 'इंटरॅक्टिव्ह रेकमेंडर' नावाचं एक पान आहे, जे बहुतेकांनी कधी उघडलेलंही नसतं. त्यामागचं मशीन लर्निंग मॉडेल गेमचे टॅग किंवा वर्णन बघत नाही. कोण कुठला गेम किती वेळ खेळतं, यावरून ते शिकतं. तुमच्यासारखं खेळणारे आणखी काय खेळतात, असा साधा हिशोब. वर दोन स्लायडर आहेत, एक लोकप्रियतेचा आणि एक गेमच्या वयाचा. लोकप्रियतेचा स्लायडर शेवटच्या टोकाला, 'निश'कडे ओढा. यादी एकदम बदलते. मला इथे कामाचे गेम्स होमपेजपेक्षा कितीतरी जास्त मिळाले.

पण या पद्धतीला एक मूळचीच मर्यादा आहे. कालच आलेला गेम कोणी खेळलेलाच नसेल, तर मॉडेल त्याच्याबद्दल काय सांगणार? रेकमेंडेशन सिस्टीमवर काम केलेल्यांना हा 'कोल्ड स्टार्ट'चा प्रॉब्लेम माहीत असेल. म्हणजे अगदी नव्या गेम्ससाठी दुसरी वाट हवी.

ती वाट म्हणजे 'स्टीम नेक्स्ट फेस्ट'. वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, आठवडाभर येऊ घातलेल्या शेकडो गेम्सचे डेमो फुकट खेळायला मिळतात. एका गेमला यात एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे डेव्हलपर जीव तोडून डेमो तयार करतात. आवडला तर विशलिस्टमध्ये टाका. गेम आला की स्टीम तुम्हाला मेल करतं, आणि विशलिस्टचा आकडा डेव्हलपरला पब्लिशरशी बोलतानाही उपयोगी पडतो.

इच आणि गेम जॅम

स्टीम मॉल असेल तर इच डॉट आयओ हा आठवडी बाजार आहे. लीफ कॉर्कोरन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर गेम टाकायला पैसे लागत नाहीत. विक्रीतला किती हिस्सा साइटला द्यायचा हे विकणारा ठरवतो, अगदी शून्यसुद्धा. स्टीम सुरुवातीला ३० टक्के घेतं, त्याच्याशी तुलना करा. बरेच गेम्स ब्राउझरमध्येच चालतात.

इथली खरी खाण म्हणजे गेम जॅम. ठरलेल्या विषयावर दोन-तीन दिवसांत गेम बनवायची ही स्पर्धा असते. 'लुडम डेअर' २००२ पासून चालू आहे, आणि 'जीएमटीके जॅम'मध्ये दरवर्षी हजारो गेम्स येतात. बहुतेक अर्धेकच्चे असतात हे खरं, पण मोठे गेम्स इथेच जन्मतात. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये बनवला. त्यात नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पडद्यावर पडलेले असतात. 'वॉल इज स्टॉप' यातला 'स्टॉप' ढकलून दिला की भिंतीतून आरपार जाता येतं! प्रोग्रामरला हा गेम दाखवा आणि त्याची रात्र गेली असं समजा. पूर्ण गेम मार्च २०१९ मध्ये आला.

एक मात्र लक्षात ठेवा. सापडणं हे साइटच्या सर्चवर अवलंबून असतं. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली इचने प्रौढांसाठीचे गेम्स सर्चमधून एका झटक्यात काढले. पानं काढलेली नव्हती, तरी शोधून ती मिळत नव्हती. म्हणून आवडलेल्या डेव्हलपरला थेट फॉलो करा, त्याच्या साइटचा बुकमार्क ठेवा.

गेम नाही, माणूस शोधा

माझी आवडती पद्धत हीच. गेम आवडला की शेवटची श्रेयनामावली पूर्ण बघायची. संगीत कोणाचं, चित्रं कोणाची, ते आधी कशावर काम करत होते. 'मोबीगेम्स' ही १९९९ पासूनची साइट यासाठीच उपयोगी आहे. तेइकारींच्या पानावर गेलात तर त्यांचे कितीतरी छोटे, फुकट गेम्स मिळतील. डेव्हलपर्स कॉन्फरन्स म्हणजे जीडीसीमधली बरीच भाषणं यूट्यूबवर आहेत. इचवरचे डेव्हलॉगही वाचा, फसलेल्या कल्पना तिथे मोकळेपणाने लिहिलेल्या असतात.

असं शोधत गेलं की आपल्या आसपासची माणसंही सापडतात. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली, तरी २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१) गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा. आणि २०२३ चा 'वेंबा' टोरंटोच्या विसाई गेम्सचा, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट. आईच्या फाटक्या वहीतून पदार्थांच्या कृती जुळवायच्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, यावर एक अख्खं कोडं आहे. २०२४ मध्ये त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

रिफंड, रिव्ह्यू आणि सावधगिरी

'वेंबा' एका बैठकीत संपतो. इथे एक अडचण येते. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. ग्राहकासाठी उत्तम नियम. पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळूनही लोक रिफंड घेतात. २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' बनवणाऱ्या एमिका गेम्सने नेमकं हेच कारण देऊन गेम्स बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. गेम चालत नसेल, आवडला नसेल तर रिफंड जरूर घ्या. संपवून, आवडूनही घेणं मला पटत नाही.

रिव्ह्यूचंही तसंच. दहा रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम गेमला शेराच देत नाही, आणि फुकट की मिळालेल्यांचे रिव्ह्यू त्यात धरत नाही. विकत घेऊन लिहिलेल्या तुमच्या चार ओळी एखाद्या छोट्या गेमसाठी तो दहावा रिव्ह्यू असू शकतात.

डिस्कॉर्डवर अनोळखी माणसाने 'माझा गेम टेस्ट करशील का' म्हणून फाइल पाठवली तर ती उघडू नका, अकाउंट चोरायची ही जुनी युक्ती आहे. स्टीमवर आहे म्हणजे सुरक्षित असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पायरेटफाय' हा गेम मालवेअरमुळे काढावा लागला. इचच्या अ‍ॅपमध्ये सँडबॉक्सची सोय आहे, ती चालू करा. किंवा सरळ ब्राउझरमधल्या गेम्सपासून सुरुवात करा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत बनवलेला मूळ 'सेलेस्ट' पिको-८ च्या साइटवर फुकट आहे. १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा पडदा, १६ रंग, आणि खाली 'कोड'वर क्लिक केलं की सगळा प्रोग्राम वाचता येतो.