तीन सुरांचा वाद्यवृंद

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा वेळ खाणारें खूळ, अशी आम्हां वडीलधाऱ्यांची समजूत असते. त्यांतील संगीताचा इतिहास मात्र ऐकण्याजोगा आहे.

इ. स. १९८६ मध्यें जपानांत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ निघाला. त्याचे संगीतकार कोइची सुगियामा तेव्हां पंचावन्न वर्षांचे होते. ज्या ‘फॅमिकॉम’ यंत्रावर तो खेळ चाले, त्यांत चाल वाजविण्याजोगे मार्ग अवघे तीन. चौथ्यांतून नुसती खरखर निघे. खेळांतले इतर आवाजही याच मार्गांतून काढावयाचे. गरीब घरच्या पंक्तीसारखी ही ओढाताण! एवढ्यांत व्हायोलिनें, शिंगें, नगारे मावणार कोठें? तथापि सुगियामांनीं वाद्यवृंदाची धाटणी सोडली नाहीं. राजवाड्याच्या प्रसंगीं तर बाखच्या काळचें वळण स्पष्ट ऐकूं येतें. भरावाला जागाच नसल्यामुळें चालीलाच सारा भार सोसावा लागला, आणि म्हणूनच ती मुलांच्या मनांत ठसली, असें मला वाटतें. १९८७ मध्यें टोकियोच्या संटोरी सभागृहांत तेंच संगीत खऱ्या वादकांनीं वाजविलें.

पुढें तबकड्या आल्या आणि ध्वनिमुद्रित वाद्यवृंदच खेळांत घालतां येऊं लागला. १९९९ च्या ‘मेडल ऑफ ऑनर’साठीं मायकेल जियाकिनो यांनीं तसें केलें. वैभव वाढलें, पण आतां पुष्कळदां भरणा उदंड आणि चाल हरवलेली, असें होतें.

२०२१ च्या जुलैमध्यें टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनांत खेळाडूंचें संचलन सुरू झालें, तें सुगियामांच्या त्याच आरंभसंगीतावर. सप्टेंबरांत, नव्वदाव्या वर्षीं, ते निवर्तले.