कानाने लिहिलेला कोड

मला दिसत नाही आणि माझा व्यवसाय प्रोग्रामिंगचा आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, "पण दिसल्याशिवाय कोड लिहिता कसा?" उत्तर साधे आहे. संगणक वाचून दाखवतो, मी ऐकतो. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर आवाजात बदलतो. माऊसला मी हात लावत नाही, सगळे काम कीबोर्डवर होते. मात्र ही सोय आम्हाला आयती मिळालेली नाही. ती एकदा मिळाली, हातची गेली आणि पुन्हा मिळवावी लागली. तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

१९८०च्या दशकातला डॉसचा पडदा आठवा. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरांची जागा. प्रत्येक अक्षर संगणकाच्या मेमरीत अक्षर म्हणूनच ठेवलेले असे. ते तिथून उचलायचे आणि बोलून दाखवायचे, एवढेच काम होते. आयबीएममधले गणितज्ञ जिम थॅचर यांचे मार्गदर्शक जेसी राइट हे अंध होते. थॅचर यांनी डॉससाठी असा वाचणारा प्रोग्राम तयार केला, त्याचे नाव 'आयबीएम स्क्रीन रीडर'.

दुसरे नाव टेड हेंटर यांचे. हे मोटारसायकल शर्यतीत भाग घेणारे अमेरिकन. १९७८ साली मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते संगणक शिकले, प्रोग्रामर झाले आणि १९८७मध्ये त्यांनी भागीदारीत कंपनी काढली. तिने डॉससाठी 'जॉज' हा स्क्रीन रीडर बाजारात आणला. हे नाव ज्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून बनले, त्यांचा अर्थ 'आवाजाच्या साहाय्याने नोकरीपर्यंत पोहोच' असा होतो. नावातच नोकरी आहे, आणि ते योग्यच आहे. प्रश्न करमणुकीचा नव्हता, पोटाचा होता.

मग विंडोज आले. डोळस माणसांसाठी संगणक सोपा झाला, आमच्यासाठी मुका झाला. आता पडद्यावर अक्षर नव्हतेच, अक्षराच्या आकाराचे ठिपके होते. डॉसवर उत्तम काम करणाऱ्या अंध प्रोग्रामरांपुढे, कार्यालय विंडोजवर गेले तर आपले काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी आडवाट काढली. संगणक पडद्यावर अक्षरे काढण्याचा हुकूम देतो तो मधेच पकडायचा आणि पडद्याची एक नक्कल मेमरीत तयार ठेवायची. १९९५मध्ये जॉज विंडोजवर आला. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टने अशी व्यवस्था आणली की 'मी बटण आहे, माझे नाव अमुक' हे प्रोग्रामने स्वतःच स्क्रीन रीडरला सांगावे.

याच सुमारास एका पुणेकराने वेगळाच विचार मांडला. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी. त्यांच्या १९९४च्या प्रबंधातला प्रोग्राम गणिताची समीकरणे वाचून दाखवत असे. वरच्या बाजूला लिहिलेला घातांक आला की आवाजाची पट्टी वर जाई. डोळ्याला जे जागेवरून कळते, ते कानाला सुरावरून कळले.

१९९५मध्ये त्यांनी 'ईमॅक्सस्पीक' प्रसिद्ध केले. ईमॅक्स हा प्रोग्रामरांचा जुना आणि ताकदवान एडिटर. रामन यांचे म्हणणे असे की पडदा वाचून दाखवणे हे ध्येयच चुकीचे आहे. पडदा म्हणजे माहितीचे डोळ्यांसाठी केलेले एक रूप. कानांसाठी दुसरे रूप मुळापासून तयार करा. म्हणून ईमॅक्सस्पीकमध्ये कोडमधली टिपणी एका आवाजात येते, भाषेचे राखीव शब्द दुसऱ्या आवाजात. डोळस प्रोग्रामरला हा फरक रंगांनी दाखवतात.

आता उरला पैशाचा प्रश्न. जॉज महाग होता. परवाना घेतला नाही तर तो सलग ४० मिनिटे चाले, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. तो प्रामुख्याने पायथन या भाषेत लिहिलेला आहे. गंमत अशी की पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवरून अर्थ ठरतो. जी गोष्ट फक्त डोळ्यालाच कळावी, तीच इथे व्याकरण आहे! एनव्हीडीएने त्यावरही तोड काढली. ओळ जितकी आत, तितका सूर वर. माझे रोजचे काम या सुरांवर चालते.

मायक्रोसॉफ्टचा 'व्हीएस कोड' हा एडिटर २०१५मध्ये आला. त्यात एफ-८ दाबले की मी थेट पुढच्या चुकीवर जातो आणि ती मला वाचून दाखवली जाते. चुकीखालची लाल नागमोडी रेघ ही डोळसांची सोय, तिच्या जागी मला एक छोटा ध्वनी ऐकू येतो.

तरीही दार पूर्ण उघडलेले नाही. एका कंपनीच्या नोकरीच्या परीक्षेत कोड लिहिण्याची चौकट अशी होती की माझा स्क्रीन रीडर तिच्यात शिरूच शकला नाही. वेळ संपली, परीक्षा संपली. माझे ज्ञान तपासलेच गेले नाही.

या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. साधन बनवताना अंध माणूस त्या खोलीत असेल, तर साधन बोलते. नसेल, तर नंतर ठिगळे लावावी लागतात, आणि ठिगळ लागेपर्यंत कुणाची तरी नोकरी गेलेली असते. हेंटर, रामन, करन यांनी कुणी दार उघडेल म्हणून वाट पाहिली नाही.

आपल्याकडे अंध मुलाला अजूनही टेलिफोन ऑपरेटर, संगीत शिक्षक किंवा खुर्च्या विणणे एवढ्याच वाटा दाखवतात. या कामांत कमीपणा नाही, पण वाटा एवढ्याच नाहीत. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, गावात असे मूल असेल, तर जुन्या संगणकावर एनव्हीडीए टाकून द्या आणि त्याला कीबोर्ड शिकवा. सुरुवातीला तो आवाज यांत्रिक वाटेल, शब्द कळणार नाहीत. आठवडाभर ऐकू द्या. मग वेग वाढवा अशी मागणी ते मूल स्वतःच करील.