जहाजावर, बार्जवर कामाला जाताय? सुरक्षेचा कायदा आधी समजून घ्या

यवतमाळ : आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरी आयटीआय करून वेल्डर, फिटर झालेली पोरं समुद्रातल्या कामाला जातात. बारावी झालेल्यांना 'मर्चंट नेव्हीत लावून देतो' असं सांगणारेही भेटतात. पगार किती हे सगळेच विचारतात, जिवाची हमी काय हे कोणी विचारत नाही.

पी-305 वर काय झालं?

17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर अरबी समुद्रात 'पी-305' हा बार्ज बुडाला. ओएनजीसीच्या तेलक्षेत्रात काम करणारे 261 जण त्यावर होते. 186 वाचले, 70 हून अधिक जण गेले. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं आणि वादळात नांगर तुटले. जीव वाचवायचे तराफे पंक्चर होते, असं वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं.

आपल्याकडे 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याचा नियम 1971 पासून आहे. म्हणजे नुसता नियम असून भागत नाही, तो माहीत पाहिजे आणि मागता आला पाहिजे.

कोणाला कोणता कायदा?

- जहाजावरचा खलाशी : 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा. त्याच्या जागी नवा कायदा संसदेने 2025 मध्ये मंजूर केला. शिवाय 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. देखरेख मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाची, म्हणजे डीजी शिपिंगची.
- बंदरात माल चढवणारा-उतरवणारा : आधी 1986 चा गोदी कामगार कायदा होता. आता 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली.
- समुद्रातल्या तेलविहिरींचं काम : 2008 चे समुद्रातील तेल-वायू सुरक्षा नियम.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंजिन नसलेल्या बार्जला जहाजाचे सगळे आंतरराष्ट्रीय नियम जसेच्या तसे लागत नाहीत. तिथला ठेकेदाराचा कामगार बरेचदा कागदावर खलाशी नसतो. म्हणून बार्जवर जाणाऱ्याने जास्त विचारपूस करावी.

खलाशाचे हक्क

- 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती.
- पगार दर महिन्याला. कामाचा लेखी करार, त्याची एक प्रत स्वतःजवळ.
- आजारी पडला किंवा लागलं, तर उपचार मालकाच्या खर्चाने.
- करार संपल्यावर घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा.
- 18 वर्षांखालच्या मुलाला धोक्याचं काम देता येत नाही.
- आग लागली तर काय करायचं आणि जहाज सोडायचं कसं, याचा सराव दर महिन्याला. फुगणाऱ्या तराफ्याची तपासणी साधारण दर वर्षी. तपासणीची तारीख पाहायला लाजू नका.

बंद टाकीत उतरू नका

जुन्या विहिरीत उतरलेला माणूस गॅसने गुदमरतो, त्याला काढायला गेलेलाही तिथंच पडतो. जहाजाच्या टाकीत आणि मालाच्या खणात तसंच होतं. कोळसा, लाकूड, धान्य, एवढंच काय गंजणारं लोखंडही हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वास येत नाही, दिसत नाही. नियम असा की आधी मीटरने हवा तपासायची, लेखी परवानगी घ्यायची आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. हे झाल्याशिवाय साहेब म्हणाला तरी उतरायचं नाही.

पैसे देण्याआधी

नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घेणं बेकायदेशीर आहे. पासपोर्ट, सीडीसी, मेडिकल आणि कोर्सचा खर्च तेवढा आपला. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे, मोबाईलवर दिसते. नाव यादीत नसेल तर वावर गहाण ठेवून एजंटाला पैसे देऊ नका. जहाजावर चढण्याआधी पोहून जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार हे मूलभूत सुरक्षा कोर्स करावेच लागतात. 'कोर्स नको, डायरेक्ट लावतो' म्हणणारा फसवतो आहे, असं समजा.

घरच्यांनी काय ठेवावं?

करार, पासपोर्ट आणि सीडीसीची झेरॉक्स, जहाजाचं किंवा बार्जचं नाव, कंपनीचा आणि ठेकेदाराचा पत्ता घरी लिहून ठेवा. अपघात झाला तर भरपाईचा दावा या कागदांवरच उभा राहतो. खलाशाची तक्रार आधी जहाजावर कॅप्टनकडे करता येते, नाही ऐकलं तर डीजी शिपिंगकडे. मुंबईत खलाशांची युनियनही आहे, 'नुसी' म्हणून.

गावातलं कोणी समुद्रावर जाणार असेल, तर ही माहिती त्याच्या घरी नक्की पोचवा.