घराचे कर्ज आणि त्याचे माप

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ आपण बहुधा दगदगीशी लावतो. गवंडी वेळेवर येत नाही, विटा कमी पडतात, अंदाजाच्या दीडपट खर्च होतो, वगैरे. परंतु घर बांधणाऱ्याची झोप खरी उडते ती कर्जाने. आणि कर्ज किती काढावे, ह्या घरगुती प्रश्नालाही इतिहास आहे, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. आज एखादा नोकरदार गृहस्थ पगाराचा दाखला घेऊन बँकेत जातो, तेथील अधिकारी काही आकडेमोड करून त्याला एक रक्कम सांगतो, आणि घरी येऊन हा गृहस्थ म्हणतो, “मला साठ लाखांचे कर्ज बसते.” हे ‘बसते’ क्रियापद मोठे मौजेचे आहे. अंगरखा बसतो तसे कर्ज बसते! पण माप घेणारा शिंपी कोणाचा चाकर आहे, हे आपण विचारीत नाही. आजचे माझे व्याख्यान त्या शिंप्याविषयी आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी ऋणाला एक मर्यादा घातली होती. ती दामदुपटीची. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, असा तो नियम. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. अर्थात नियम असणे निराळे आणि त्याचा उपयोग होणे निराळे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हाही हा नियम होताच. शिवाय ही मर्यादा व्याजाला होती. मुद्दल किती काढावे, ह्याचा निवाडा सावकाराची नजर आणि ऋणकोची गरज ह्यांच्यावरच सोपविलेला होता.

घरासाठी म्हणून कर्ज देण्याची संघटित चाल प्रथम दिसते ती इंग्लंडात. 1775 मध्ये बर्मिंगहॅम येथे ‘गोल्डन क्रॉस’ नावाच्या मद्यालयाचा मालक रिचर्ड केटली ह्याने एक मंडळी स्थापन केली. अशा मंडळ्यांचे सभासद दरमहा ठराविक वर्गणी भरीत, साठलेल्या पैशांतून एकेकाचे घर उभे राही, आणि सर्वांची घरे झाली की मंडळी विसर्जित होई. आपल्या भिशीचा हा थोरला भाऊच म्हणावयास हरकत नाही. येथे धनको आणि ऋणको एकाच बाकावर बसत. कोणाची ऐपत किती, हे शेजाऱ्याला ठाऊक असे.

हीच कल्पना पुढे अमेरिकेत गेली. 1831 मध्ये फिलाडेल्फियाजवळील फ्रँकफर्ड गावी अशी संस्था निघाली, आणि तिचे पहिले कर्ज, 375 डॉलर, मिळाले कॉमली रिच नावाच्या रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या माणसाला. गंमत अशी, की अमेरिकेतील ह्या पहिल्याच ऋणकोचे हप्ते थकले! शेवटी दुसऱ्या एका सभासदाने ते घर कर्जासह पत्करले. शेजाऱ्यांचे मापही चुकते. मात्र ते चुकले तर निस्तरावयालाही शेजारीच असतात.

1920 नंतरच्या दशकात मात्र अमेरिकेत निराळेच चित्र होते. बँका व विमा कंपन्या घराच्या किमतीच्या सुमारे निम्मे कर्ज देत, तेही तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने. मुदतीत बहुधा नुसते व्याज भरावयाचे आणि मुद्दल शेवटी एकरकमी द्यावयाचे, अथवा कर्ज नवे करून घ्यावयाचे. ‘निम्मेच कर्ज’ हे कानाला किती शहाणपणाचे वाटते! पण उरलेली रक्कम हाती नसणारे लोक चढ्या व्याजाने दुसरे गहाण करीत. 1929 नंतर मंदी आली, बँकांनी कर्जे नवी करून देण्यास नकार दिला, आणि 1933 मध्ये दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येऊ लागली. ह्यांतील कित्येक माणसे उधळी नव्हती. त्यांनी कर्जाची रक्कम मोजली होती, मुदत मोजली नव्हती.

त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने गृहस्वामी कर्ज महामंडळ काढले. त्याने दहा लाखांवर बुडती कर्जे स्वतःकडे घेतली आणि ती पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांत बांधून दिली. पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, संघीय गृहनिर्माण प्रशासनाने किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच्या, वीस वर्षांपर्यंतच्या कर्जांना विम्याचे संरक्षण दिले. ह्या घटनेला मी फार महत्त्व देतो. तोवर प्रश्न असे, ‘घर कितीचे?’ आता प्रश्न झाला, ‘महिन्याला किती?’ लाखो कुटुंबांना त्यामुळे छप्पर मिळाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मापाची पट्टीच बदलली. मुदत ताणली की हप्ता उतरतो, हप्ता उतरला की कर्ज वाढविता येते, आणि सर्वांचेच कर्ज वाढले की घरांच्या किमतीही वर सरकतात.

पट्टी किती ताणते, ते पाहण्यासाठी आकडे मांडू. एक लाख रुपये, नऊ टक्के व्याज. वीस वर्षांची मुदत असेल तर मासिक हप्ता सुमारे 900 रुपये, आणि एकूण भरणा 2 लाख 16 हजार. तीस वर्षे केली तर हप्ता 805 रुपये, भरणा 2 लाख 90 हजार. महिना 95 रुपये हलके वाटावे म्हणून वर 74 हजार! दामदुपटीचा नियम येथे लागत नाही, कारण व्याज महिन्याच्या महिन्याला चुकते होत जाते. तरी तो करणाऱ्याने हा हिशेब पाहिला असता तर काय म्हटले असते, असे मनात येतेच.

2008 चे अमेरिकेतील संकट आपणां सर्वांच्या आठवणीतले आहे. तेथे कर्ज देणारा ते कर्ज पुढे विकून मोकळा होत असल्याने माप घेण्याची त्याला गरजच उरली नव्हती. फ्रँकफर्डच्या शेजाऱ्यांपासून किती दूर आलो, पाहा.

आपल्याकडे 1977 मध्ये हसमुखभाई पारेख ह्यांनी एचडीएफसी स्थापन केली. तिचे पहिले कर्ज तीस हजारांचे होते, आणि घर सत्तर हजारांचे. म्हणजे निम्म्याहूनही कमी. आज रिझर्व्ह बँकेच्या 2015 च्या मर्यादेप्रमाणे तीस लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येते. पंचाहत्तर लाखांपर्यंत 80, आणि त्यापुढे 75 टक्के. ही मर्यादा धनकोच्या सुरक्षिततेची आहे. घरातील आजारपण, मुलांची फी, अधूनमधून सुटणारी नोकरी ह्यांचा त्यात हिशेब नाही, आणि तो ठेवणे बँकेचे कामही नव्हे. म्हणून माझे मत असे, की बँकेचा आकडा वरची हद्द म्हणून ऐकावा, आणि आपला आकडा घरातल्या सर्वांत वाईट महिन्यावरून काढावा.

तो महिना कसा येतो, हे नुकतेच दिसले. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 ह्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला. सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या लाखाचा हप्ता 775 रुपये. दर साडेनऊ झाला की त्याच लाखाचे महिन्याचे नुसते व्याज 792 रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर ऋणको इमानाने पैसे भरीत राहतो आणि मुद्दल दर महिन्यास सतरा रुपयांनी वाढत जाते! कित्येकांनी पासबुक उघडून पाहिले तेव्हा मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेलेली होती. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की कर्ज मंजूर करतानाच पुढील दरवाढीस वाव ठेवावा, आणि दर बदलताना हप्ता वाढवावयाचा की मुदत, हे ऋणकोलाच विचारावे.