रोजच्या वापराला घड्याळ कोणते : ऑटोमॅटिक की सौर?

मोबाइल घरोघरी पोहोचल्यावर मनगटी घड्याळाचे दिवस संपले, असे भाकीत अनेकदा वर्तवले गेले. प्रत्यक्षात घड्याळ मनगटावर टिकून आहे. दुचाकी चालवताना, वर्गात शिकवताना, बँकेच्या काउंटरवर किंवा शेतात फवारणी सुरू असताना खिशातून मोबाइल काढण्यापेक्षा मनगटाकडे एक नजर टाकणे केव्हाही सोपे. मात्र साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाचा सेल दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो आणि तो नेमका गरजेच्या वेळी संपतो. या कटकटीला कंटाळलेल्या ग्राहकापुढे प्रामुख्याने दोन पर्याय येतात. एक, हाताच्या हालचालीवर चालणारे ऑटोमॅटिक घड्याळ. दुसरे, प्रकाशावर चालणारे सौर घड्याळ. सेल बदलण्याची कटकट नाही, हे दोन्हींचे आकर्षण. परंतु रोजच्या वापरात दोघांचे स्वभाव पुष्कळ वेगळे आहेत.

हा फरक तपासण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारखे ठिकाण चांगली कसोटी ठरते. यवतमाळ-धामणगाव मार्गावरील हे तालुक्याचे गाव. येथील दिनक्रम एसटीच्या वेळा, शाळा-कचेऱ्यांच्या वेळा आणि धामणगावला गाठायची रेल्वे यांच्याशी बांधलेला असतो. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती. विदर्भाचा उन्हाळा, धूळ आणि घाम. प्रकाशाला तोटा नाही. मात्र कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे सहसा मोठ्या शहरांतच असतात. पुण्या-मुंबईच्या वाचकालाही ही कसोटी उपयोगी पडावी. कारण घड्याळ घेणे एका दिवसाचे काम असते, ते सांभाळणे मात्र वर्षानुवर्षांचे.

हातावर चालणारे मशीन

ऑटोमॅटिक घड्याळ हे मूलतः किल्लीचेच घड्याळ. फरक इतकाच की, त्याला किल्ली देण्याचे काम हात करतो. मशीनच्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार वजनी चकती असते. तिला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ही स्प्रिंग हळूहळू उलगडते आणि तिची शक्ती बॅलन्स व्हील नावाचे चाक ठरावीक तालात खर्च करते. रोजच्या वापराच्या बहुसंख्य जपानी ऑटोमॅटिक मशीनमध्ये हे चाक तासाला २१,६०० आंदोलने घेते, म्हणजे सेकंदाला सहा. सेकंदकाटा टकटक न करता सरकत जाताना दिसतो, तो यामुळेच.

मनगटी घड्याळासाठी ही योजना ब्रिटनमधील जॉन हारवुड यांनी १९२० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर आणला आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. भारतात हे तंत्र मध्यमवर्गाच्या मनगटावर आले ते प्रामुख्याने एचएमटीमुळे. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही किल्लीची घड्याळे, तर ‘कांचन’ हे ऑटोमॅटिक. लग्नात जावयाला एचएमटीचे घड्याळ देणे हा त्या काळी मानाचा आहेर समजला जाई.

प्रकाशावर चालणारे मशीन

सौर घड्याळ हे मूलतः क्वार्ट्‌झ घड्याळ. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांवरून इलेक्ट्रॉनिक मंडल वेळ मोजते. साध्या क्वार्ट्‌झमध्ये वीज सेलमधून येते. येथे ती प्रकाशातून येते. तबकडी किंचित पारदर्शक असते. तिच्याखाली सौरपट्टी आणि त्यामागे पुन्हा पुन्हा भारित होणारा सेल असतो.

येथेही सिटिझनचे नाव येते. एचएमटीला घड्याळ बनवण्याचे तंत्र देणाऱ्या याच कंपनीने १९७६ मध्ये प्रकाशावर चालणारे काट्यांचे घड्याळ बाजारात आणले. १९९५ पासून तिची अशी घड्याळे ‘इको-ड्राइव्ह’ या नावाने ओळखली जातात. सेइको आणि कॅसिओची सौर घड्याळेही प्रचलित आहेत. टायटननेही ‘एचटीएसई’ नावाची मालिका आणली होती.

‘सौर’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो. या घड्याळांना ऊनच लागते असे नाही. खोलीतील दिव्याचा प्रकाशही चालतो. मात्र प्रमाणात मोठा फरक पडतो. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स, तर कचेरीतील दिव्यांची पाचशेच्या आसपास. त्यामुळे एका दिवसाची ऊर्जा उन्हात काही मिनिटांत, तर दिव्याखाली काही तासांत मिळते. पूर्ण भारित झालेले घड्याळ अंधारात साधारणतः काही महिने चालते. अनेक मॉडेलमध्ये ही मुदत सहा महिन्यांची असते.

वेळेचा हिशेब

अचूकतेत सौर घड्याळ सरळ पुढे आहे. सर्वसाधारण क्वार्ट्‌झ मशीन महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत पुढे-मागे होते. ऑटोमॅटिकचा हिशेब मात्र दिवसाचा असतो. स्वित्झर्लंडच्या ‘सीओएससी’ या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या महागड्या यांत्रिक घड्याळालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट असते. रोजच्या वापराच्या स्वस्त मशीनसाठी कंपन्या याहून कितीतरी सैल मर्यादा सांगतात. दिवसाला वीस सेकंद पुढे जाणारे घड्याळ महिन्याभरात दहा मिनिटे पुढे गेलेले असते. तेच मागे पडू लागले, तर दहा मिनिटांत एसटी निघून जाते. म्हणून ऑटोमॅटिक वापरणाऱ्याने आठवड्यातून एकदा वेळ जुळवून घेण्याची सवय ठेवावी.

दुसरा प्रश्न घड्याळ काढून ठेवण्याचा. सामान्य ऑटोमॅटिक मशीन एकदा पूर्ण गुंडाळले की सुमारे चाळीस तास चालते. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारी थांबते आणि सोमवारी सकाळी घाईच्या वेळी वेळ, तारीख व वार लावत बसावे लागते. रोज सात-आठ तास हातात राहणाऱ्या घड्याळाला ही अडचण येत नाही. परंतु दिवसभर टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या हाताची हालचाल कमी पडू शकते. सौर घड्याळाला सुटीचा दिवस जाणवतही नाही. त्याचे वैर फक्त कपाटाच्या अंधाराशी.

ऊन, धूळ आणि घाम

विदर्भात सौर घड्याळाला प्रकाश कमी पडणार नाही, पण उष्णतेची काळजी घ्यावी लागते. लवकर भारित व्हावे म्हणून घड्याळ मे महिन्यातील उन्हात गच्चीवर किंवा मोटारीच्या काचेमागे ठेवणे चुकीचे. बंद मोटारीतील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढते आणि घड्याळ साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, तर आतील सेल व इतर भागांना इजा होऊ शकते. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा खिडकीजवळच्या सावलीत ठेवणे पुरेसे असते. पूर्ण बाह्यांचा सदरा घालणाऱ्यांनी घड्याळ झाकले जाते हे लक्षात ठेवावे. काट्यांच्या बऱ्याच सौर घड्याळांत ऊर्जा कमी झाली की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारू लागतो. हा बिघाड नव्हे. प्रकाश दाखवा, अशी ती सूचना असते.

ऑटोमॅटिकला धक्के आणि चुंबक यांचा त्रास अधिक. आधुनिक मशीनमध्ये धक्के सोसणारी योजना असते. तरी हातोडा, ड्रिल अशी कामे करताना घड्याळ काढून ठेवावे. मोठा स्पीकर किंवा चुंबकी बटणाची पर्स यांच्याजवळ ठेवल्यास आतील केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित होऊन घड्याळ एकाएकी पुष्कळ पुढे जाऊ लागते. यावर उपाय सोपा आहे : दुरुस्ती करणारा योग्य उपकरणाने ते काही क्षणांत चुंबकमुक्त करून देतो.

पाणी आणि घाम यांपासून जपण्याची गरज दोन्हींना सारखीच. मागे ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ पाण्याच्या शिंतोड्यांपुरते सुरक्षित असते. पोहण्यासाठी किमान १०० मीटरचे घ्यावे. साध्या क्वार्ट्‌झमध्ये सेल बदलताना झाकण उघडावे लागते आणि रबरी कडे नीट न बसल्यास ओल आत शिरते. सौर घड्याळ वारंवार उघडावे लागत नाही, हा त्याचा दुर्लक्षित राहिलेला फायदा.

दुरुस्ती कोण करणार?

निवडीचा खरा प्रश्न येथे आहे. ऑटोमॅटिकमधील तेल कालांतराने सुकते आणि भाग झिजतात. त्यामुळे साधारण चार-पाच वर्षांनी मशीन खोलून साफ करून घ्यावे लागते. स्वस्त घड्याळाच्या बाबतीत हा खर्च किमतीच्या मानाने जड वाटतो. शिवाय हे काम जाणणारा कारागीर हवा. क्वार्ट्‌झच्या प्रसारानंतर असे कारागीर कमी होत गेले. अनेक दुकानांत आज सेल आणि पट्टा बदलण्यापलीकडे काम होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तरीही कंपनीची यांत्रिक घड्याळे आजही चालू आहेत. एका बंद घड्याळाचे भाग दुसऱ्याला बसवता येतात आणि कुशल हाताला ते जिवंत करता येते. सौर घड्याळातील सेल दहा ते वीस वर्षे टिकू शकतो, पण तो कायमचा नसतो. बदलताना त्याच मॉडेलसाठी ठरवलेला सेल लागतो. जागी साधा सेल बसवणे धोक्याचे आहे. तसा सेल किंवा इलेक्ट्रॉनिक मंडल मिळेनासे झाले, तर कारागिराचा हात तेथे थांबतो.

म्हणजे ऑटोमॅटिक वारंवार देखभाल मागते, पण दीर्घकाळ दुरुस्त होत राहते. सौर घड्याळ वर्षानुवर्षे काहीच मागत नाही. जेव्हा मागते, तेव्हा नेमकी तीच वस्तू मागते.

खरेदीपूर्वी हे पाहा

- ‘कायनेटिक’ आणि ‘ऑटोमॅटिक’ एक नव्हेत. कायनेटिकमध्ये रोटर असतो, पण तो वीज निर्माण करतो आणि वेळ क्वार्ट्‌झ मोजतो. त्यातही भारित होणारा सेल असतो.
- दुकानात वर्षानुवर्षे खोक्यात पडलेले सौर घड्याळ घेऊ नये. पूर्ण भारित करून नीट चालते का, ते पाहावे.
- ऑटोमॅटिकची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत बदलू नये. तारखेची दातेरी चाके दुखावतात.
- जुनी ऑटोमॅटिक घड्याळे इंटरनेटवर घेताना सावध राहावे. तबकडी नव्याने रंगवून, निरनिराळे भाग जुळवून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे नाव पडले आहे.
- जवळच्या कोणत्या शहरात सेवा मिळते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि पावती व हमीपत्र जपून ठेवावे.

कोणी कोणते घ्यावे?

ज्याला एकच घड्याळ घ्यायचे आहे, ज्याचा दिवस एसटी, रेल्वे आणि हजेरीच्या वेळांवर चालतो आणि ज्याच्या गावात यांत्रिक घड्याळाचा कारागीर नाही, त्याने सौर घड्याळ घ्यावे. बाभुळगावच्या कसोटीवर तेच उतरते. ज्याच्या ओळखीचा चांगला कारागीर आहे, ज्याला आठवड्यातून एकदा वेळ जुळवण्याचा कंटाळा नाही आणि ज्याला आपले घड्याळ पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे आहे, त्याने ऑटोमॅटिक घ्यावे. आणि घरात वडिलांचे जुने एचएमटी बंद पडलेले असेल, तर नवीन खरेदीपूर्वी ते एकदा जाणत्या घड्याळजीला अवश्य दाखवावे.