गावाची खातेवही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खानदेशातल्या पेढ्यांवर नव्या वह्यांना हळदकुंकू वाहतात. कापसाचा आणि केळीचा हिशेब मिटवून व्यापारी कोऱ्या पानावर ‘श्री’ काढतो. जमा किती, खर्च किती, येणे किती, हे त्या वहीला नेमके ठाऊक असते. परंतु गावाचीही एक खातेवही असते, वाचकहो. तिच्यात कोणी चौघांसाठी काय करून ठेवले, एवढीच नोंद असते. धुळे-जळगावच्या या वहीतली काही जुनी पाने आज चाळावीत, असे मनात आले.

आजकाल रोटरी, लायन्स अशी सेवामंडळे बहुतेक शहरांत असतात. नेत्रशिबिरे, रक्तदान, गरीब मुलांना वह्या-पुस्तके, अशी कितीतरी कामे ती करतात. त्यांपैकी रोटरीचा उगम अमेरिकेतला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघा परिचितांना जमवले. पुढे बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागली, म्हणून मंडळाचे नाव ‘रोटरी’ पडले. आरंभी सारा मामला स्नेहाचा आणि व्यवसायाचा होता; सेवेची दृष्टी मागाहून आली. पहिल्या कामांतले एक म्हणजे शहरात सार्वजनिक शौचगृह बांधवून घेणे! यात हसण्यासारखे काही नाही. गावाचे नेमके कुठे अडते, हे ज्याला दिसते, तोच खरा सेवक. हिंदुस्थानात ही चळवळ कलकत्त्याला १९१९ साली आणि मुंबईस १९२९ साली पोचली.

म्हणजे संघटित लोकसेवा आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असे मात्र कोणी समजू नये. शिकागोची ती बैठक भरण्याच्या बारा वर्षे आधी, १८९३ साली, धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली होती. तिचे प्रवर्तक शंकर श्रीकृष्ण देव तेव्हा जेमतेम बाविशीचे होते. सभेचे नाव जरा सावकाश उच्चारून पाहा. सत्कार्य आम्हीच करतो, असा ताठा त्यात नाही. सत्कार्य कोठेही होवो, त्याला उत्तेजन मिळाले पाहिजे, एवढेच नम्र म्हणणे आहे.

पुढे या सभेला आपले खास काम सापडले. समर्थ रामदासांचे व त्यांच्या संप्रदायाचे वाङ्मय मठामठांतून बाडांच्या रूपाने पडून होते. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था हे या बाडांचे तीन वैरी. एक बाड गेले की त्याची भरपाई कुबेरालाही करता येत नाही. कल्याणस्वामी हे समर्थांचे लेखनिक-शिष्य. डोमगावच्या मठातील त्यांच्या हातच्या प्रतीवरून देवांनी ‘दासबोध’ सिद्ध केला आणि तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, शिकागोतली मंडळी जमली तेही हेच साल! गोळा केलेल्या बाडांसाठी धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. वाग्देवतेचे मंदिर, येथे पूजा करायची ती जुन्या कागदांची.

कोणी म्हणेल, भुकेल्याला भाकर द्यायची सोडून कागद कसले जपता? प्रश्न रास्त आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेशही पोळला होता. अन्नाचे दान पहिले, यात वाद नाही. पण भूक सर्वांना दिसते, म्हणून तिच्यासाठी हात पुढे येतात. वाळवी लागलेल्या बाडाचा आक्रोश कोणाला ऐकू येत नाही. त्यासाठी कान देऊन बसणारी चार माणसे गावात असावी लागतात.

धुळ्यात ती होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी कागदपत्रांसाठी उभा महाराष्ट्र पायी तुडवला, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढली आणि अखेर धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. मागे राहिला तो कागदांचा प्रचंड संग्रह. धुळेकरांनी शोकसभा घेऊन हात झटकले नाहीत. १९२७ सालीच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करून त्यांनी तो ठेवा सांभाळला.

जळगावचे पानही कोरे नाही. तेथील वाचनालयाचा आरंभ १८७७ चा. वल्लभदास वालजी यांचे नाव त्याला पुढे कायमचे जोडले गेले. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे शिकायला आलेला एक लाजाळू तरुण पुढे तिथल्याच शाळेत शिक्षक झाला आणि अवघ्या महाराष्ट्राचा साने गुरुजी झाला. देणाऱ्याने तत्त्वज्ञानासाठी दिले, पदरात पडली श्यामची आई! दानाचे व्याज हे असे, कोणत्याही कोष्टकात न बसणारे.

एका धनिकाचे दान मोठे असते. चौघांची नियमित खटपट दिसायला लहान असते. पण धनिक एकदा देतो, खटपट रोज द्यावी लागते. छप्पर गळते, कपाटे मोडतात, यादी अपुरी राहते. अशा कामाचा फोटो छापून येत नाही.

यंदा नव्या वहीवर ‘श्री’ काढताना आपल्या गावच्या जुन्या वाचनालयाची, एखाद्या संशोधन मंडळाची आठवण ठेवावी. जमेल तेवढी वर्गणी द्यावी. नाही जमले तर एक दुपार द्यावी. फडके हाती घेऊन कपाटावरची धूळ झटकणे, हेही सत्कार्यच. आणि पाहणाऱ्याने ‘वा!’ म्हणणे, हे त्याला उत्तेजन.